बादली कुठे ठेवायची?

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर गेली कित्येक वर्षे एक पिवळा पडलेला कागद आहे आणि त्यावर टंकलिखित एकच वाक्य आहे: ‘सभासदांनी कचऱ्याच्या बादल्या जिन्यात, पॅसेजमध्ये अगर दारासमोर ठेवू नयेत.’ बादली कुठे ठेवू नये हे त्या कागदाने सांगितले. ती कुठे ठेवावी हे मात्र कोणी कधी सांगितले नाही. पुण्यात कर्वेनगरमधील आमच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या, २४ घरांच्या इमारतीत त्यामुळे जे व्हायचे तेच होत आले होते. रात्रीची जेवणे आटोपली की २४ दारांबाहेर २४ बादल्या यायच्या, सकाळी त्या रिकाम्या व्हायच्या आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी दरवर्षी तो पिवळा कागद मोठ्याने वाचून दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी सचिवपद माझ्याकडे आले (हे पद मागून मिळत नाही, सभेला उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात पडते), तेव्हा हा नियम नव्याने लिहून काढण्याचे काम मी अंगावर घेतले. एका पानाचे काम आहे असे वाटले होते. त्याला आठ महिने लागले.

जुन्या कागदामागचे कारण खोटे नव्हते. आमच्यासारख्या इमारतीला जिना एकच असतो आणि आग लागली तर खाली उतरण्याची वाटही तीच असते. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याचा रोख सुटकेचे मार्ग मोकळे राहावेत असाच आहे. एकटी बादली वाट अडवत नाही हे खरे. परंतु बादलीशेजारी रद्दीचा गठ्ठा येतो, गठ्ठ्याशेजारी चपलांचा स्टँड येतो, स्टँडवर नातवाची सायकल टेकवली जाते आणि पाहता पाहता चार फुटांचा पॅसेज दोन फुटांचा होतो. मात्र सभेत लोक बोलतात ते आगीबद्दल नव्हे. ‘पाहुणे येतात तेव्हा बरे दिसत नाही,’ हेच वाक्य मी निरनिराळ्या शब्दांत प्रत्येक सभेत ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर एकदा स्वतः उच्चारलेही आहे.

त्यामुळे आमचा पहिला मसुदा ‘दिसू नये’ या एकाच कल्पनेवर उभा राहिला. बादल्या घरातच ठेवाव्यात, सकाळी सात ते साडेसात या वेळेत ज्याने त्याने खाली आणून पार्किंगमधील दोन मोठ्या ड्रममध्ये रिकाम्या कराव्यात, ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा असे १२० लिटरचे ड्रम असावेत आणि ते मीटर रूमच्या मागच्या कोपऱ्यात, म्हणजे फाटकातून आत येणाऱ्याला दिसणार नाहीत असे ठेवावेत, असा तो मसुदा होता. कमिटीत तो एकमताने संमत झाला. ड्रम आणले गेले, त्यांवर चित्रे चिकटवली गेली, व्हॉट्सॲपवर अंगठे उमटले.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी मला खाली बोलावून घेतले. भांडणाचा सूर नव्हता. त्या फक्त म्हणाल्या, ‘काकू, हा ड्रम तुम्ही एकदा हलवून बघा.’ मी पाहिला. ओल्या कचऱ्याने पाऊण भरलेला १२० लिटरचा ड्रम एका माणसाच्याने हलत नाही. वाकून आत हात घालावा तर तळाचा कचरा हाताला लागत नाही, आणि आडवा पाडावा तर आधी बाहेर येतो तो आंबलेला रस. मीटर रूममागचा कोपरा अंधारा, मध्ये पाण्याच्या टाकीचे लोखंडी झाकण, त्यापुढे एक पायरी; त्यांची ढकलगाडी तिथवर पोचतच नव्हती. शिवाय त्यांचा दुसरा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. दारातली बादली कोणाची आहे हे कळते, म्हणून ओल्यात प्लॅस्टिक दिसले तर त्या घराची बेल वाजवून सांगता येते. ड्रमला घर नसते. तीन दिवसांत आमचे ओले-सुके वर्गीकरण, जे वर्षानुवर्षांच्या टोचणीने बऱ्यापैकी रुळले होते, ते पार बिघडून गेले होते, आणि डायपर नेमका कोणाकडून आला हे सांगायला कोणीही पुढे आले नाही.

त्या प्रसंगाने मला आदल्या वर्षीचा एक कागद आठवला. मुलगी अमेरिकेत टेक्सासमधील एका उपनगरात राहते. तिच्याकडे मी तीन महिने होते आणि तिच्या फ्रिजवर तेथील कचऱ्याच्या डब्यांच्या नियमांचे पत्रक चुंबकाने लावलेले होते. प्रत्येक घराला चाकांचे दोन अजस्र डबे, एक कचऱ्याचा आणि एक पुनर्वापरात जाणाऱ्या वस्तूंचा. कचरा उचलण्याच्या आदल्या संध्याकाळपूर्वी डबा रस्त्याकडेला आणायचा नाही आणि उचलल्याच्या दिवशी रात्रीपर्यंत तो आत न्यायचा. एरवी आठवडाभर तो रस्त्यावरून दिसता कामा नये, म्हणजे कुंपणामागे किंवा गॅरेजमध्ये राहिला पाहिजे. नाही राहिला तर घरमालकांच्या संघटनेचे पत्र येते आणि पुढे दंड. इथपर्यंत तो आमच्या पिवळ्या कागदाचाच श्रीमंत भाऊ होता. परंतु पत्रकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात निराळ्या सूचना होत्या. डबा ठेवताना चाके घराच्या बाजूला आणि झाकण उघडण्याची बाजू रस्त्याकडे हवी. दोन डब्यांमध्ये तीन फूट अंतर हवे, आणि टपालपेटी, झाड व उभी गाडी यांच्यापासूनही तेवढेच. झाकण पूर्ण मिटलेले हवे आणि डब्याबाहेर ठेवलेली पिशवी उचलली जाणार नाही. मी जावयांना विचारले तेव्हा त्यांनी खिडकीतून दाखवले: गाडी येते, चालक खाली उतरतही नाही, गाडीच्या कुशीतून एक यांत्रिक हात बाहेर येऊन डब्याला कवेत घेतो, उपडा करतो आणि परत ठेवतो. त्या हाताला पकड घ्यायला दोन्ही बाजूंनी जागा लागते, म्हणून तीन फूट.

लोखंडी हाताला किती जागा लागते हे मोजून त्या गावाने नियम लिहिला होता, आणि घरोघरी लोक तो फूटपट्टी लावल्यासारखा पाळत होते. आमच्याकडे कचरा उचलणारा हात माणसाचा आहे, तोही बहुधा पन्नाशीतल्या बाईचा, आणि त्या हाताला काय लागते याची एक ओळही आमच्या मसुद्यात नव्हती.

कायद्यात ती आहे का, हे मी शोधून पाहिले. बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, त्या खटल्याच्या ओघात २००० मध्ये देशभरासाठी नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम आले आणि त्यांची जागा ८ एप्रिल २०१६ च्या ‘घनकचरा व्यवस्थापन नियमां’नी घेतली. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला सांगितले की विघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा निर्माण होतो तिथेच वेगळा करा, ‘योग्य’ डब्यांत साठवा आणि अधिकृत वेचकाच्या किंवा संकलकाच्या हाती द्या. बागेचा पालापाचोळा आणि बांधकामाचा राडारोडा स्वतःच्याच आवारात वेगळा ठेवायचा. रस्त्यावर, नाल्यात किंवा पाण्यात काहीही टाकायचे नाही, जाळायचे नाही, पुरायचे नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी तीनाचे चार प्रकार केले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. कचरा उचलणाऱ्यांना हातमोजे, मुखपट्टी, पावसाळी कोट आणि योग्य पादत्राणे मिळावीत हेही २०१६ च्या नियमांत होते. डब्याच्या रंगाबद्दलही त्यात वाक्य होते, आणि ते मजेदार आहे. नियमांत विघटनशील कचऱ्यासाठी हिरवा, पुनर्वापरयोग्य कचऱ्यासाठी पांढरा आणि उरलेल्यासाठी काळा रंग लिहिला होता, तर स्वच्छतेच्या सरकारी मोहिमांनी घराघरात रुजवली ती जोडी हिरव्या-निळ्याची. पांढरी कचरापेटी मी आजतागायत कुठल्याही दुकानात पाहिलेली नाही, आणि पाहिली असती तरी घेतली नसती.

पण ‘योग्य’ डबा म्हणजे काय, तो किती मोठा असावा आणि रात्रभर कुठे असावा, हे दिल्लीत बसून लिहिता येणार नाही हे उघड आहे. ते स्थानिक संस्थेवर सोपवलेले असते; स्थानिक संस्था आवाराच्या आतले आवारावर सोडते; आणि आवारात तो पिवळा कागद असतो.

पुण्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो समजल्याशिवाय बादलीची जागा ठरवणे म्हणजे अर्धी गोष्ट पाहणे. माझ्या लहानपणी कचरा साठवण्याची जागा रस्त्यावर होती. चौकाचौकात सिमेंटची कुंडी, पुढे लोखंडी कंटेनर. घरातून निघालेला कचरा थेट तिथे जायचा आणि त्या कंटेनरमध्ये उतरून बायका पुठ्ठा, काच, पत्रा वेचायच्या. त्या काळी घरात कचऱ्याची साठवण अशी फारशी नव्हतीच. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, वेचकांना ओळखपत्रे मिळाली, आणि त्यांच्याच संघटनेतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार जाऊन कचरा घेण्याचे काम हाती घेतले. घराने दरमहा सेवाशुल्क द्यायचे, आणि सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगे जे निघेल त्यावर हक्क वेचकांचा, असे त्याचे साधे गणित आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचरा डेपोविरुद्ध वारंवार आंदोलने केली, शहरातले कंटेनर हळूहळू हटवले गेले, आणि जी साठवण पूर्वी चौकात होती ती आपल्या दारात आली. जिथे ती नीट आली नाही तिथे जुन्या कंटेनरच्या जागी आजही सकाळी पिशव्यांचा ढीग दिसतो. पालिकेच्या भाषेत त्याला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, जणू तो रस्त्याला जडलेला जुना आजारच.

डब्याची जागा बदलली की त्यावर जगणाऱ्यांचे जगणे बदलते, हे नवे नाही. पॅरिसमध्ये १८८३ च्या नोव्हेंबरात ओझेन पूबेल या प्रशासकाने हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे पुरवावेत, आणि तेही वेगवेगळे: कुजणाऱ्या कचऱ्यासाठी, कागद-चिंध्यांसाठी, आणि काच, फुटकी भांडी व कालवांच्या शिंपल्यांसाठी. म्हणजे ओला-सुका वर्गीकरण ही आपण समजतो तेवढी आधुनिक गोष्ट नाही. या हुकमाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठवला तो चिंध्या वेचणाऱ्यांनी, कारण तोवर रात्री रस्त्यावर ओतलेला कचरा सकाळपर्यंत त्यांचा असे आणि आता त्यावर झाकण आले होते. गाडी येण्यापूर्वी डबे तपासू देण्याची सवलत त्यांना द्यावी लागली. पूबेल यांच्या नशिबी मात्र अमरत्व आले. फ्रेंच भाषेत कचरापेटीला आजही ‘पूबेल’ असेच म्हणतात. पुण्यात तसे घडले असते तर कोणाचे नाव लागले असते, यावर आमच्या कमिटीत एक अख्खी संध्याकाळ गेली. ती नावे इथे देत नाही.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. एका रविवारी ताईंना चहाला बोलावले, वही पुढे घेतली आणि बादली कशी असली की काम सोपे होते हे विचारले. त्यांनी जे सांगितले त्यातले निम्मे मला सुचले नसते. ओल्याची बादली लहान हवी, आठ-दहा लिटरची. मोठी बादली असली की लोक दोन दिवसांचा कचरा साठवतात आणि तो जड होतो. तिला पिशवीचे अस्तर नको. पिशवी गाठ मारून दिली की ती सोडावी लागते, आणि गाठ सुटत नाही म्हणून फाडली की पिशवीही खराब होते आणि हातही. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घातला की पुरते. चहाचा चोथा आणि भाताची पेज आधी गाळून घेतली तर तोही भिजत नाही. झाकण हवेच, पण घट्ट दाबून बसणारे नको, कारण ते उघडायला दोन हात लागतात आणि दुसऱ्या हातात बहुधा आधीची बादली असते. कडी लोखंडी असावी. प्लॅस्टिकची कडी जिन्यातच तुटते. रविवारच्या मटणाच्या हाडांचा आणि कोळंबीच्या सालींचा कचरा कागदात गुंडाळून द्यावा, नाहीतर ढकलगाडीमागे कुत्री चालू लागतात. ‘आणि आंब्याच्या दिवसांत,’ त्या म्हणाल्या, ‘रोजच्या रोज बाहेर ठेवा, काकू. कोयी राहिल्या की चिलटं होतात.’ मे-जूनमध्ये आमच्या इमारतीत दरडोई किती कोयी निघतात याचा हिशेब मी केला नाही, पण स्वतःच्या घरापुरता तो लाजिरवाणा आहे.

सुक्या कचऱ्याबद्दल मला अधिक शरम वाटली. सुका कचरा म्हणून आपण देतो काय? रद्दी आपण रद्दीवाल्याला विकतो, जाड पुठ्ठा आणि बाटल्या भंगारवाल्याला देतो, आणि ज्याला कोणी विचारत नाही ती वेफरची चकचकीत पाकिटे, तेलकट डबे आणि थर्माकोल ‘सुका कचरा’ म्हणून वेचकांच्या गाडीत टाकतो. ज्या मालाच्या विक्रीवर त्यांच्या मिळकतीचा भाग अवलंबून आहे, तो माल दारातून बाहेर पडण्यापूर्वीच आपण चाळून घेतलेला असतो. रद्दी विकू नये असे मी कोणाला सांगणार नाही, मी स्वतः विकते. परंतु दुधाच्या पिशव्या विसळून, टोकाचा तुकडा पूर्ण न कापता, वाळवून वेगळ्या द्याव्यात एवढे नियमात घालता येण्याजोगे होते आणि ते मी घातले. सुका कचरा नीट विसळलेला असला तर त्याला वास येत नाही, आणि वास नसला तर तो घरात, बाल्कनीत, एखाद्या गोणीत चार दिवस सहज राहतो. ओल्याची साठवण तासांत मोजायची आणि सुक्याची दिवसांत, हे एकदा लक्षात आले की ‘जागा नाही’ ही निम्मी तक्रार संपते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांबद्दल सभेत कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलले. ‘स्वच्छ’ने पुण्यात चालवलेली लाल ठिपक्याची मोहीम आमच्याकडे निम्म्या घरांना ठाऊक नव्हती: हा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि वेगळा द्यायचा, म्हणजे उघडून पाहण्याची पाळी कोणावर येत नाही. नवीन नियमांत हा स्वतंत्र प्रकार झाला, त्यापूर्वीपासून तो ठिपका इथे होता. वापरलेली ब्लेडे आणि इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवायच्या. फुटलेली काच खोक्यात घालून त्यावर ‘काच’ लिहायचे. ट्यूबलाइट, सीएफएल, जुने सेल, मुदत संपलेली औषधे आणि रंगाचे डबे यांच्यासाठी मीटर रूममध्ये कुलपाची एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. ती वर्षातून दोनदा भरते आणि मग कोणीतरी ती पोचवून येते. असा कचरा स्वीकारणारे केंद्र दर २० चौरस किलोमीटरला एक असावे असे २०१६ च्या नियमांत होते.

पालापाचोळ्यासाठी कुंपणाच्या कोपऱ्यात जाळीचा पिंजरा केला, तेव्हापासून थंडीत रात्रपाळीच्या वॉचमनची शेकोटी बंद झाली. त्याबद्दल त्याने माझ्याशी काही दिवस अबोला धरला होता. निर्माल्याचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. देवाची फुले ओल्या कचऱ्यात, भाजीच्या देठांबरोबर, टाकायला बहुतेक घरांचा हात धजत नाही, आणि मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुठेच्या पुलावरून खाली सोडली जातात. गणपतीत घाटांवर निर्माल्य कलश असतात, पण वर्षातले उरलेले दिवस असतातच. आम्ही जाळीच्या पिंजऱ्याशेजारी मातीची एक मोठी कुंडी ठेवली, तिला कोणी कचराकुंडी म्हणत नाही, आणि तिच्यात तयार झालेले खत प्राजक्ताला घातले जाते.

राहिला मूळ प्रश्न: बादली कुठे. जिन्यात नको, कारण वाट अडते. ड्रम नको, कारण त्याला घर नसते आणि तो उचलवत नाही. ताईंनी रोज चार मजले चढावे असेही वाटेना; त्या स्वतः तयार होत्या, परंतु त्यांचे गुडघे तयार नसावेत हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होते. टेक्सासचे पत्रक डोक्यात होतेच. मी टेप घेऊन त्यांच्या ढकलगाडीच्या काठाची उंची मोजली आणि फाटकाशेजारी, कुंपणभिंतीला लागून, बरोबर त्याच उंचीचा दीड फूट रुंदीचा एक अरुंद कट्टा बांधावा असा प्रस्ताव मांडला. सकाळी कामावर निघताना ज्याने त्याने बादली खाली आणून कट्ट्यावर ठेवायची. बादलीवर फ्लॅटचा क्रमांक रंगवायचा, म्हणजे घर ओळखू येते. ताईंनी वाकायचे नाही, उचलायचे नाही, फक्त कलती करायची. वर शेड घालावी अशी सूचना आली, ती वास्तुविशारद असलेल्या एका सभासदांनी फेटाळली, कारण बाजूच्या मोकळ्या जागेत शेड घातली तर ते अनधिकृत बांधकाम ठरले असते. कचऱ्यासाठी आम्ही बेकायदा होणार होतो, तेवढे वाचलो.

सभेत सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच तोच आला. फाटकातून आत येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा काय दिसणार? तर २४ बादल्या. एका ज्येष्ठ सभासदांनी तर फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होईल असे सांगितले. मी एवढेच म्हणाले की बादल्या तिथे सकाळी साडेसात ते साडेनऊ दिसतील आणि त्या वेळात फ्लॅट पाहायला कोणी येत नाही. १४ विरुद्ध ७ मतांनी ठराव संमत झाला. उरलेल्या तीन घरांचे मालक पुण्याबाहेर असतात. वरच्या मजल्यांवरील दोन वृद्ध जोडप्यांना खाली येणे शक्य नाही, त्यांच्या बादल्या एका घरचा नातू आणि दुसऱ्या घरचे शेजारी आणतात. ते गावाला गेले तर ताई वर जातात आणि त्याचे वेगळे पैसे सोसायटी देते. हे शेवटचे वाक्य नियमात मुद्दाम लिहिले आहे, कारण नियमात नसलेले पैसे पुढचा सचिव देत नाही.

कट्टा होऊन दीड वर्ष झाले. पावसाळ्यात झाकणांवर पाणी साचते आणि बादली कलती करताना ते अंगावर येते, म्हणून जुलैत सर्वांनी झाकणाला सळईने भोके पाडली. मग त्याच भोकांतून पाणी आत जाऊ लागले, म्हणून ऑगस्टमध्ये ती भोके एम-सीलने बुजवली. आता पावसात झाकणावर जुनी शहाबादी फरशी तिरकी टेकवून ठेवतात. कावळ्यांचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी आहे, मांजरांचा अपेक्षेपेक्षा जास्त. वर्गीकरण पहिल्यापेक्षा चांगले आहे. बादलीवर आपल्या घराचा क्रमांक असला की हात आपोआप थांबतो.

साडेनऊपर्यंत बादली परत न्यावी हे कलम मात्र काही केल्या पाळले जात नव्हते. तिसऱ्या मजल्यावरचे दोघेही आठ वाजता नोकरीवर जातात आणि रात्री येतात, त्यांची बादली दिवसभर कट्ट्यावर उघडी पडायची. दोनदा सूचना दिली, तिसऱ्यांदा ताईंनीच उपाय काढला: मागे राहिलेल्या बादल्या ताई पाण्याने खळबळून कट्ट्यावर उपड्या घालून जातात. उपडी बादली ही साठवण नव्हे, असा अर्थ लावून आम्ही कलमात ‘साडेनऊपर्यंत’च्या पुढे ‘अथवा उपडी’ एवढे दोन शब्द वाढवले आणि नवा कागद फलकावर लावला. जुना पिवळा कागद त्याच्याखालीच आहे. त्याच्या टाचण्या गंजून लाकडात बसल्या आहेत आणि तो फाटल्याशिवाय निघत नाही.